उंबरठ्यावरचे माप



वसंतातील व्याख्यानमालेत वक्त्याने काव्यावर बोलावे, इतिहासावर बोलावे, निदान आंब्याच्या मोहरावर तरी बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. त्यातून आज आपण बसलो आहोत ती जागा एपीएमसी मार्केटच्या शेजारची. तिकडे फळबाजारात हापूसच्या पेट्या उतरत आहेत, गवताचा आणि पिकत्या आंब्याचा वास रस्त्यापर्यंत येतो आहे, आणि इकडे आम्ही उभे राहून संगणकात शिरणाऱ्या माणसाला कोणते साधन किती मिळावे याविषयी बोलणार! चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही तो भीतभीतच सांगितला. त्यांनी तो मान्य केला हा त्यांचा धीर, आणि आपण तो ऐकावयास आलात हा आपला मोठेपणा.

आम्ही या बाजारातील काही कचेऱ्यांची यंत्रे सांभाळण्याचे काम करतो. विद्वान म्हणून येथे उभे नाही. एका चुकीची आणि त्या चुकीतून सुचलेल्या एका विचाराची हकीकत सांगावी, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम बाजाराकडेच पाहू. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली. मुंबईच्या गल्ल्यांत घाऊक व्यापार मावेना, म्हणून तो खाडीपलीकडे आणावयाचा असे ठरले. १९८१ साली कांदा-बटाटा बाजार येथे आला, १९९६ साली भाजीपाला आणि फळे आली, आणि दरम्यानच्या काळात मसाला व धान्य यांचे बाजार आले. असे हे पाच बाजार. यांतल्या कोणत्याही बाजाराच्या फाटकाशी पहाटे जाऊन उभे राहा. गाडी येते, थांबते, कागद दाखवला जातो, नोंद होते आणि मग ती आत जाते. आत गेल्यावर तिला किती जागा, किती वेळ, कोणत्या गाळ्यापुढे उभे राहावयाचे, हे बहुतांशी फाटकाशी जे ठरले त्यावर अवलंबून असते. फाटकच नसते तर काय झाले असते, याची कल्पना ज्यांनी पावसाळ्यात येथे गाड्यांची रांग पाहिली आहे त्यांना सहज करता येईल.

अनेक माणसे एकाच वेळी वापरतात अशा संगणकाचे अगदी हेच आहे. तोही एक बाजारच. त्याची स्मृती म्हणजे जागा, त्याचा वेळ म्हणजे हमालांचे हात, आणि त्याच्या दारातून आत येणारा प्रत्येक जण म्हणजे माल घेऊन आलेली गाडी. नाव आणि परवलीचा शब्द देऊन माणूस दारातून आत येतो, त्याला 'लॉगिन' म्हणतात. आणि आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या त्याच्या मुक्कामाला 'सत्र' म्हणू. आमचा विषय एवढाच, की हे सत्र सुरू होताना, कोणी काहीही सांगितलेले नसताना, त्या माणसाच्या पदरात कोणते माप पडते? इंग्रजीत ज्याला 'डिफॉल्ट' म्हणतात, म्हणजे न सांगता लागू होणारे, त्याला आपण 'ठरीव' म्हणू. नववधू घरात येते तेव्हा उंबरठ्यावर माप ठेवलेले असते. ते तिने भरलेले नसते, ती येण्यापूर्वीच घरच्यांनी भरून ठेवलेले असते. ठरीव मर्यादा ही अशीच उंबरठ्यावर आधी ठेवलेली गोष्ट आहे.

आता आपण म्हणाल, आमचा याच्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपल्या खिशात आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील फोन ज्या लिनक्सच्या गाभ्यावर चालतो तो युनिक्स नावाच्या व्यवस्थेच्या वळणावर बांधलेला आहे. जगातील सर्वांत वेगवान अशा ५०० महासंगणकांची जी यादी दर सहा महिन्यांनी निघते, तिच्यातील सर्वच्या सर्व यंत्रे २०१७ च्या अखेरीपासून लिनक्सवर चालत आहेत. आपल्या मुंबईत १९८६-८७ च्या सुमारास जुहूची सॉफ्टवेअर संस्था आणि पवईचे आय. आय. टी. यांच्यामध्ये पहिले ईमेल गेले तेही युनिक्सच्या वाटेने. तेव्हा हा परका विषय नव्हे. घरातलाच आहे, फक्त माजघरात ठेवलेला असल्यामुळे दिसत नाही.

युनिक्सचा जन्म १९६९ सालचा. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन यांनी त्याचा आरंभ केला आणि डेनिस रिची यांनी त्यांना साथ दिली. हे वर्ष लक्षात ठेवा, कारण थोड्या वेळाने आम्हांला त्याकडे परत यावयाचे आहे. आरंभीचे वापरणारे थोडे, एकमेकांच्या ओळखीचे, एकाच छताखाली काम करणारे. अशा घरात कोणी कोणाला माप घालून देत नाही. डाव्या हाताला बसलेल्या सहकाऱ्याने सगळे यंत्र अडवले तर उजव्या हाताने त्याच्या खांद्यावर टकटक केले की काम भागे. पण व्यवस्था विद्यापीठांत गेली, शेकडो विद्यार्थी एका यंत्रावर बसू लागले, आणि घराचा बाजार झाला. रिची यांनी १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर असलेल्या सुरक्षिततेवरील एका छोट्या टिपणात मोकळेपणाने कबूल केले आहे की, कोणी यंत्र जेरीस आणावयाचे ठरवले तर त्यापासून संरक्षण हीच या व्यवस्थेची सर्वांत दुबळी बाजू होय, कारण साधनांच्या अतिवापरावर पुरेशी तपासणी नाही. स्वतः बांधलेल्या घराची भिंत कोठे कच्ची आहे हे पाहुण्याला दाखवणारा गवंडी विरळा. रिची तसे होते.

मग १९८३ साली कॅलिफोर्नियातील बर्कले विद्यापीठातून जी आवृत्ती निघाली तिच्यात मर्यादांची नीट योजना आली. ती मूळ रूपात आजही चालू आहे, आणि ती थोडी समजावून घेण्यासारखी आहे.

प्रत्येक साधनाला दोन मर्यादा असतात. एक नरम, दुसरी कठोर. प्रत्यक्षात लागू होते ती नरम. पण ती वापरणाऱ्याला स्वतःच वाढवता येते, फक्त कठोर मर्यादेपर्यंत. कठोर मर्यादा त्याला वाढवता येत नाही. ती वाढवण्याचा अधिकार यंत्राच्या कारभाऱ्याला, ज्याला 'रूट' म्हणतात त्याला. गंमत अशी की, कठोर मर्यादा खाली आणण्यास मात्र कोणालाही मुभा आहे, आणि एकदा खाली आणली की साध्या माणसाला ती पुन्हा वर नेता येत नाही. संकल्प सोडण्यासारखेच हे आहे. पाणी हातातून खाली गेले की ते परत घेता येत नाही.

दुसरी गोष्ट वारशाची. संगणकात चालू असलेल्या प्रत्येक कामाला 'प्रक्रिया' म्हणतात, आणि एक प्रक्रिया दुसरीला जन्म देते. जन्म देताना आईच्या मर्यादा मुलीकडे जातात. दारातील रखवालदार, म्हणजे लॉगिनची व्यवस्था, पहिल्या प्रक्रियेला मर्यादा घालून आत सोडते, आणि तिच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्या तोच वारसा घेऊन जन्मतात. म्हणून दारावरचा कागद बदलला तरी आधी आत गेलेल्यांना त्याचा उपयोग नाही. बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी या युनिक्सच्या बर्कले शाखेतील व्यवस्थांमध्ये दारावरच्या या कागदात माणसांचे वर्ग पाडलेले असतात. सामान्य माणूस एका वर्गात, यंत्राची मागची कामे दुसऱ्या वर्गात, आणि प्रत्येक वर्गाला वेगळे माप. लिनक्सवर हेच काम एका वेगळ्या फायलीत होते, आणि ती दाराशी वाचली जाते.

मर्यादा कशाकशावर असते? एका प्रक्रियेने एका वेळी किती फायली उघडाव्यात, एका माणसाच्या नावाने किती प्रक्रिया चालाव्यात, किती स्मृती घ्यावी, यंत्राचा किती वेळ खावा, केवढी फाइल लिहावी, अशी ती यादी आहे. ठरीव आकडे पाहिले तर नवल वाटते. सामान्य लिनक्स यंत्रावर उघड्या फायलींची नरम मर्यादा १०२४ असते. वेळेवर मर्यादा नाही. स्मृतीवरही बहुधा नाही. म्हणजे ज्या वस्तूंनी यंत्र खरोखर बसते त्या मोकळ्या, आणि फायलींची मोजणी मात्र काटेकोर! प्रक्रियांच्या संख्येबाबत रेड हॅट कंपनीच्या सहाव्या आवृत्तीत १०२४ आणि सातव्या आवृत्तीत ४०९६ असा नरम आकडा घातलेला होता, आणि तो कशासाठी घातला, तर चुकून प्रक्रियांची बेसुमार वीण होऊ नये म्हणून, हे कारणही तेथेच लिहून ठेवलेले होते. आकड्याशेजारी कारण लिहिण्याची ही रीत आम्हांला तेव्हा फारशी महत्त्वाची वाटली नव्हती. का महत्त्वाची आहे ते आता सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजारातील बऱ्याच गाळ्यांचे हिशेब एकाच यंत्रावर ठेवणारी एक खासगी कचेरी आमच्याकडे होती. कोणत्या गाळ्यावर कोणत्या शेतकऱ्याच्या किती गोण्या आल्या, वजन किती, भाव काय, तोलाई किती, हमाली किती, आणि माथाड्यांच्या कोणत्या टोळीने किती गोण्या गाडीत चढवल्या म्हणजे तिची वाराई किती, हे सारे गाळ्यांतील मेहता लोक फोनवरून आणि संगणकावरून भरत, आणि ते या एका यंत्रात जमा होई. शेतकऱ्याची पट्टी आणि टोळीचा हिशेब, दोन्ही त्यातून निघत.

हंगामातील एका पहाटे यंत्राने नकार द्यावयास सुरुवात केली. जे आधी जोडले गेले होते त्यांचे काम चालू होते. नव्याने येणाऱ्याला मात्र दार बंद. पाच वाजता चार फोन आले, सव्वापाचला चाळीस. गाड्या उभ्या, नोंद होत नाही, माल उतरला तरी चढवता येत नाही. कचेरीच्या मालकांनी सांगितले, "यंत्र लहान पडले, मोठे घ्या, पण आज काम चालू करा." आम्ही यंत्राकडे पाहिले तर ते सुखात होते. स्मृतीचा मोठा भाग रिकामा, वेळ भरपूर. भरलेल्या कोठाराने नकार दिला तर समजते, रिकाम्या कोठाराने नकार द्यावा याला काय म्हणावे?

कारण त्या १०२४ मध्ये होते. युनिक्सचा असा रिवाज आहे की, जवळजवळ प्रत्येक वस्तूकडे फाइल म्हणूनच पाहावयाचे. कागद ही फाइल, छापण्याचे यंत्र ही फाइल, आणि दुसऱ्या यंत्राशी जुळलेला जोड हीदेखील उघडी फाइलच. प्रत्येक गाळ्याचा प्रत्येक फोन म्हणजे एक किंवा अनेक उघड्या फायली. आरंभीच्या तीन जागा तर कार्यक्रमाच्या बोलण्या-ऐकण्यातच जातात. उरलेल्या भरल्या, आणि पुढच्याला नकार मिळाला. यंत्र थकले नव्हते. उंबरठ्यावरचे माप भरले होते.

आम्ही दारावरच्या फायलीत आकडा वाढवला, बाहेर पडलो, पुन्हा आत आलो, तपासले. वाढलेला आकडा दिसला. आनंद झाला. कार्यक्रम पुन्हा चालू केला आणि अर्ध्या तासात तोच नकार! असे का व्हावे ते समजावयास एक तास गेला, आणि त्या एका तासात रांग मुख्य रस्त्यावर गेली. गोष्ट साधी होती. तो कार्यक्रम कोणी लॉगिन करून सुरू केलेलाच नव्हता. यंत्र चालू होताच व्यवस्था त्याला मागच्या बाजूने सुरू करी. तो आमच्या दारातून कधी आलाच नव्हता, मग दारावरचा कागद त्याला कोठून लागू व्हावा? त्याची मर्यादा त्याच्या स्वतःच्या वेगळ्या कागदावर होती. प्रत्येक चालू प्रक्रियेला लागू असलेल्या मर्यादा यंत्र स्वतःच एका ठिकाणी दाखवते. तेथे आधीच पाहिले असते तर तो तास वाचला असता. पण माणूस नियमाचे पुस्तक वाचतो आणि नियम ज्याला लागू करावयाचा त्याच्याकडे पाहत नाही. हा दोष आमचाच, असे नाही. पण त्या दिवशी तो आमचा होता.

बंधुभगिनींनो, खरी चूक येथून पुढे झाली. रात्रीच्या आणि पहाटेच्या त्रासाने आम्ही इतके वैतागलो होतो की, जेथे जेथे आकडा दिसला तेथे तेथे तो पुसला. प्रक्रिया? अमर्याद. स्मृती? अमर्याद. सत्रातही आणि मागच्या कामांतही. पुन्हा म्हणून कोणी आम्हांला आकड्याने अडवू नये! मालक खूश, आम्हीही खूश. अमर्याद या शब्दात एक उदारपणा आहे, तो मोहात पाडतो.

तीन-एक आठवड्यांनी त्याच यंत्रावर एक लहानसा कार्यक्रम नवा चढवला गेला. त्यात चूक अशी, की काम अडले तर तो स्वतःचीच आणखी एक प्रत चालू करी, ती अडली की ती आणखी दोन. मर्यादा असती तर काही हजारांवर गाडी थांबली असती, कारभाऱ्याने आत शिरून ती प्रजा आवरली असती आणि बाकीच्यांना कळलेही नसते. मर्यादा नव्हती. पाहता पाहता यंत्र त्या एका कामाच्या पोराबाळांनी भरून गेले. गाळ्यांतील लोक आत येऊ शकेनात, आणि आम्हीही आत येऊ शकेनात, कारण आत येणे हीसुद्धा एक नवी प्रक्रियाच असते. शेवटी वीज तोडावी लागली. पहाटेच्या काही तासांची नोंद गेली. शेतकऱ्यांच्या मालाची नोंद चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरता आली. टोळ्यांनी चढवलेल्या गोण्यांची नोंद मात्र दुसरीकडे कोठेच नव्हती. आम्ही सगळे एका ठिकाणी आणले होते ना, सोयीसाठी!

दुपारी टोळीचे मुकादम आले. साताऱ्याकडचे, वयस्कर, बोलणे कमी. आम्ही म्हटले, "मुकादम, चूक आमची झाली. तुमच्या गोण्यांचा आकडा आमच्याकडे राहिला नाही." त्यांनी खिशातून एक मळकी वही काढली. रोजचा आकडा त्यात काडीकाडीने लिहिलेला. "साहेब, आम्ही आमचं माप आमच्यापाशी ठेवतो," ते म्हणाले. मालकांनी तो आकडा मानला आणि टोळीची मजुरी बुडाली नाही. ही त्यांची पुण्याई, आमची नव्हे.

चहा घेताना आम्ही त्यांना झालेला प्रकार समजावून सांगितला. आधी माप फार लहान होते, मग आम्ही ते काढूनच टाकले. त्यावर ते म्हणाले, "आमच्या बानं शंभर किलोची गोणी पाठीवर घेतली. तेव्हा कुणी विचारलं नाही शंभरच का. गोणी शंभराची असते, एवढंच ठाऊक. पन्नासाची मागायला लागली तेव्हा कळलं, की ते माप कुणीतरी ठरवलं होतं."

आम्ही आरंभी १९६९ हे वर्ष लक्षात ठेवावयास सांगितले होते. ज्या वर्षी बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला त्याच वर्षी महाराष्ट्रात माथाडी, हमाल आणि अन्य श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली माथाड्यांची चळवळ होती. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात कार्यकारण शोधू नये. पण शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. त्याच्या दोन वर्षे आधी, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने एका माणसाने हातांनी उचलावयाच्या भाराविषयी करार केला आणि त्याबरोबरच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल सुचवली. आज या बाजारात गोणी ५० किलोहून जड असू नये असा दंडक आहे, आणि जड गोण्या येत राहिल्या म्हणून माथाड्यांनी काम थांबवल्याचे प्रसंग आपण पाहिले आहेत. शंभर किलोची गोणी ही कोणाच्या दुष्टपणाने ठरली होती असे म्हणण्याचे कारण नाही. बैलगाडीला, पोत्याला, हिशेबाला ते माप सोयीचे असेल. एवढेच, की ज्याची पाठ त्याखाली यावयाची होती त्याला ते विचारून ठरले नव्हते.

ठरीव मर्यादेचे मर्म येथे आहे. ती यंत्राची ताकद सांगत नाही आणि वापरणाऱ्याची लायकीही सांगत नाही. कोणी एका दूरच्या माणसाने, आपल्याला कधीही न पाहता, एका सरासरी अनोळखी माणसासाठी केलेला तो अंदाज आहे. १०२४ चेच पाहा. आजची यंत्रे लाखो फायली सहज उघडी ठेवू शकतात. मग हा आकडा का टिकला? जुन्या काळी अनेक जोडांवर एकदम लक्ष ठेवण्यासाठी कार्यक्रम एक पद्धत वापरीत, आणि तिच्या तक्त्यात घरे होती १०२४. त्यापुढील क्रमांकाची फाइल त्या पद्धतीच्या हाती दिली तर ती तक्त्याबाहेर, शेजारच्या स्मृतीत लिहू लागते. असे जुने कार्यक्रम अजून चालू आहेत. म्हणून २०१८ च्या डिसेंबरात, बहुतेक लिनक्स यंत्रांची कामे सुरू करून देणाऱ्या सिस्टिमडीच्या कर्त्यांनी कठोर मर्यादा ४०९६ वरून ५,२४,२८८ वर नेली, पण नरम मर्यादा १०२४ वरच ठेवली. ज्याला जास्त पाहिजे आणि जास्त झेपेल त्याने स्वतः उठून ती वाढवून घ्यावी. ज्याने मागितले नाही त्याच्या जुन्या घराला धक्का लागू नये. आमच्या मते हा फार शहाणपणाचा निर्णय होता. आकडा जुना ठेवला, पण त्यामागे आज कारण आहे, आणि वर जाण्याची वाट मोकळी आहे.

आता मर्यादेला जे साधत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर आम्ही एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेलो असे होईल. यांतील बहुतेक मर्यादा एकेका प्रक्रियेपुरत्या असतात, सबंध माणसापुरत्या नसतात. एका प्रक्रियेला एवढीच स्मृती असे ठरवले आणि तिला शंभर लेकी झाल्या तर प्रत्येकीला तेवढीच स्मृती, म्हणजे एकूण शंभरपट. कांद्याच्या व्यापाऱ्यांना हे सांगावयास नको. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने साठ्यावर मर्यादा घातली, घाऊक व्यापाऱ्यास ५०० क्विंटल आणि किरकोळ विक्रेत्यास १०० क्विंटल. २०२० च्या ऑक्टोबरात पुन्हा घातली, २५ टन आणि २ टन. मर्यादा परवान्यामागे मोजावयाची की घरामागे, हा प्रश्न अशा प्रत्येक वेळी उभा राहतो, कारण एका घरात पाच परवाने असले तर पाच मापे झाली. संगणकातही हाच प्रश्न आला, आणि २००८ च्या जानेवारीत लिनक्सच्या गाभ्यात प्रक्रियांचे गट करून सबंध गटाला एक माप लावण्याची सोय झाली. आज लॉगिन करणाऱ्या माणसाचे सारे कुटुंब अशा एका गटात बसवले जाते, आणि त्या गटात एकूण किती कामे असावीत यालाही एक ठरीव वाटा असतो. त्या दिवशी तो वाटाही आम्ही आमच्या उदार हाताने पुसलेला होता.

पुढे आम्ही काय केले ते थोडक्यात सांगतो. प्रथम मोजले. ऐन हंगामातील सर्वांत गर्दीच्या पहाटे किती जोड लागतात ते पाहिले, आणि पाहताना आणखी एक गोष्ट उघडी पडली. निम्म्याहून जास्त जोड काम संपल्यावरही बंद केले जात नव्हते. म्हणजे १०२४ चे माप केवळ लहान नव्हते; आमच्या कार्यक्रमात गळती आहे असेही ते सांगत होते, आणि आम्ही सांगणाऱ्यालाच घराबाहेर काढले होते. गळती बुजवली. मग गर्दीच्या आकड्याच्या दुप्पट अशी मर्यादा घातली, सत्रासाठी वेगळी आणि मागच्या कामासाठी वेगळी. प्रक्रियांना आकडा दिला. तो अशा बेताने दिला की, सगळ्यांनी आपापले माप भरले तरी कारभाऱ्याला आत शिरण्यापुरती जागा राहावी. आणि प्रत्येक आकड्याशेजारी दोन ओळी लिहिल्या. हा आकडा कोणी घातला, कोणत्या दिवशी, कोणत्या मोजणीवरून. उद्या आमच्या जागी दुसरा कोणी येईल, त्याला तो बदलावासा वाटेल, आणि त्याने तो बदलावाही. पण आमच्याशी वाद घालून बदलावा, अंधारात नव्हे. वाराईची नोंद आता टोळीच्या मुकादमाला रोज छापून दिली जाते. त्यांची वही त्यांनी बंद केलेली नाही, आणि करूही नये.

आपल्यापैकी कोणी शाळा चालवत असतील, कोणी पतपेढी, कोणी दवाखाना. सर्वांच्या घरी आज कोठेतरी असे एक यंत्र आहे आणि त्याच्या उंबरठ्यावर एक माप आहे. आपण ते पाहिलेले नसेल. तेव्हा यंत्र सांभाळणाऱ्याला एवढे तीन प्रश्न विचारा. हे माप कोणासाठी ठरवले होते? ते खरोखर कोणाला लागू होते आहे? आणि ते बदलावयाचे तर कोणी, कशावरून? उत्तर "पहिल्यापासून तसेच आहे" असे आले, तर समजा की ते अजून कोणी ठरवलेलेच नाही. आणि उत्तर "आम्ही ते काढूनच टाकले आहे" असे आले, तर आमच्या त्या पहाटेची आठवण करा.

मर्यादा म्हटली की आपल्याला अडवणारा हात आठवतो, पण एका यंत्रात किंवा एका बाजारात अनेकांना एकत्र नांदावयाचे असेल तर ती दुसऱ्याच्या वाट्याची राखणही असते. ती लहान असेल तर वाढवावी, जड असेल तर हलकी करून घ्यावी, आणि त्यासाठी लागेल तेवढे भांडावे. मुकादमांच्या पिढीने ते करून दाखवले आहे. शंभराचे पन्नास झाले. पण म्हणून वजनकाटा कोणी फेकून दिला नाही.

रात्र झाली आहे, आणि आपल्यापैकी काहींना पहाटे बाजार गाठावयाचा आहे.